धागा: आत्याचा प्रश्न – हेलिकॉप्टर रुग्णवाहिका आपल्या भागात येऊ शकते का? आणि आली तर उतरणार कुठं?

कुंभीकाठ | रविवार, रात्री ९.१०

मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळतंय ते आज लिहून टाकतो.

जुलै २०२१ चा पूर. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट, आणि पंचगंगा ५६ च्या पुढं गेलेली. त्याच दिवसांत गगनबावडा तालुक्यातल्या आमच्या गावी पहाटे आत्याच्या छातीत कळ आली. घाम, उलटी, डावा हात जड. १०८ ला फोन लागला, गाडीही निघाली, पण मांडुकलीजवळ रस्त्यावर पाणी. गाडी पलीकडं, आम्ही अलीकडं. शेवटी गुऱ्हाळाची काहील काढली. (परगावच्यांसाठी: काहील म्हणजे गुळाचा रस आटवायची भली मोठी कढई. पुरात आमच्याकडं तीच होडी.) पाणी संथ होतं म्हणून धाडस केलं. आत्याला आत बसवलं, चार पोरं काठ धरून पोहत. घरातून निघाल्यापासून मोठ्या दवाखान्यात पोचेपर्यंत साडेपाच तास गेले.

आत्या वाचली. पण हृदयाचा जो भाग गेला तो गेला. आता माळ्यावर चढताना दोनदा थांबते.

तेव्हापासून तिचं एकच पालुपद. "आदल्या इलेक्शनला हायस्कुलाच्या पटांगणात इमान उतरलं हुतं की रं. मग माझ्यासाठी का न्हाई आलं?" हेलिकॉप्टरला ती इमानच म्हणते.

माझ्याकडं उत्तर नाही. इथं डॉक्टर आहेत, फौजेतले आहेत, परदेशात राहणारे आहेत. असं हेलिकॉप्टर म्हणजे नक्की काय असतं, ते बोलावतं कोण, आणि त्या दिवशी आलं असतं तर खरंच फरक पडला असता का? खोटी समजूत घालू नका. तिला खरं उत्तर द्यायचंय.

रांगडा_गडी | रविवार, रात्री ९.२६

भावा, आपल्याकडं हेलिकॉप्टर इलेक्शनला येतंय, इलाजाला न्हाई. विषय संपला.

मिसळप्रेमी | रविवार, रात्री ९.३१

रांगड्या, +१. आत्यांना नमस्कार सांगा. काहिलीतून दवाखाना गाठणारी बाई, नाद खुळा.

टाकळीचा_फौजी | रविवार, रात्री १०.४५

हसून झालं असेल तर कामाचं बोलतो. गाव सैनिक टाकळी, तालुका शिरोळ. गावाचं नावच असं आहे की वेगळी ओळख नको. मी हवाई दलात २१ वर्षं काढली, त्यातली बरीच एमआय-१७ हेलिकॉप्टरच्या दारात उभं राहून, विंचच्या (दोर सोडायच्या-ओढायच्या यंत्राच्या) दोरीवर नजर ठेवून.

आधी एक घोळ मिटवू. आपल्याकडं 'एअर ॲम्ब्युलन्स' म्हटलं की लोक तीन वेगळ्या गोष्टी एकाच पिशवीत घालतात. उजळाईवाडीहून, म्हणजे कोल्हापूरच्या विमानतळावरून, पेशंटला मुंबई-हैदराबादला नेतात ते बहुतेक वेळा छोटं विमान असतं. त्याला धावपट्टी लागते आणि ते एका दवाखान्यातून दुसऱ्या दवाखान्यात पोचवण्यासाठी असतं. दुसरं, सुटकेचं हेलिकॉप्टर, म्हणजे आमचं. पुरातल्या छपरावरून, दरीतून माणूस वर ओढायचा आणि कोरड्या जागी ठेवायचा. त्यात औषधपाणी कमी, दोर आणि ताकद जास्त. तिसरं ते खरं हेलिकॉप्टर रुग्णवाहिका. आत अतिदक्षता विभाग, सोबत डॉक्टर, आणि मागचा दरवाजा दोन्ही बाजूंना उघडतो, स्ट्रेचर शेपटीखालून सरळ आत सरकतं. एच-१४५, ईसी-१३५ ही मशिनं जगभर याच कामाला दिसतात. आपल्या एचएएलच्या ध्रुवची नौदल आणि तटरक्षक दलाकडची जी मार्क-३ आवृत्ती आहे, तिच्यातही काढता-घालता येणारा अतिदक्षता कक्ष बसवायची सोय आहे.

ही कल्पना जन्मली लढाईत. एप्रिल १९४४, ब्रह्मदेश. लेफ्टनंट कार्टर हार्मन नावाचा अमेरिकन वैमानिक सिकोर्स्कीचं वायआर-४ घेऊन शत्रूच्या मुलखात उतरला आणि अडकलेला एक वैमानिक व तीन जखमी ब्रिटिश सैनिक बाहेर काढले. मशीन इतकं अशक्त की एका वेळी एकच माणूस नेता येई. उकाड्यात इंजिन तापून बसलं म्हणून मध्ये थांबावं लागलं. पुढं कोरियात जखमींना हेलिकॉप्टरच्या बाहेर, दोन्ही बाजूंच्या पाळण्यांत बांधून नेत. आत जागाच नव्हती. व्हिएतनामच्या वेळेला पेशंट पोटात घेता येईल एवढं यंत्र मोठं झालं आणि वाटेतच उपचार सुरू करणं जमू लागलं.

विंचबद्दल थोडं सांगतो, कारण लोकांना वाटतं दोर सोडला की काम झालं. वरून येणारा हूक हातात झेलायचा नाही. पंख्यामुळं हेलिकॉप्टरवर स्थिर वीज साठते, हूक आधी जमिनीला किंवा पाण्याला टेकू द्यायचा, नाहीतर सणसणीत झटका बसतो. काखेतून पट्टा अडकवला की हात खाली, शरीराला चिकटून ठेवायचे. घाबरून हात वर केले की माणूस पट्ट्यातून निसटतो. स्ट्रेचर वर घेताना ते पंख्याच्या वाऱ्यानं भिंगरीसारखं फिरू शकतं. २०१९ ला अमेरिकेत फिनिक्सला एक आजीबाई अशाच गरगर फिरल्याचा व्हिडिओ सगळ्यांनी बघितला असेल. ते टाळायला खालून एक माणूस जादा दोरी धरून ठेवतो. आणि सगळं नीट करूनही दगा होतो. एप्रिल २०२२ मध्ये देवघरच्या त्रिकूट रोपवेवर एमआय-१७ नं लोकांना वर घेताना एक माणूस अगदी दाराशी येऊन खाली पडला. आम्ही निवृत्त लोकांनी तो व्हिडिओ बघितला त्या रात्री कुणी जेवलं नाही.

तर कुंभीकाठ, तुमच्या आत्याला तिसऱ्या प्रकारचं पाहिजे होतं. पुराच्या मदतीला बोलावलं तर येतं ते दुसऱ्या प्रकारचं.

कुंभीकाठ | रविवार, रात्री ११.०२

फौजी काका, आभार. पाळण्यात बांधून बाहेरून नेत हे वाचून आत्या म्हणाली, "त्यापरास काहील बरी."

आकडेमोड | सोमवार, सकाळी ८.१५

भावना बाजूला ठेवून हिशोब करू. हेलिकॉप्टर पुण्याला उभं आहे असं धरा. पुणे ते गगनबावडा सरळ रेषेत साधारण २१५ किलोमीटर. वेग ताशी २३० धरला तरी हवेत ५५ मिनिटं. निर्णय, हवामान, उड्डाणाची तयारी यात अर्धा तास. पेशंट आत घेऊन कोल्हापूर गाठायला आणखी अर्धा तास. म्हणजे दोन तास, सगळं सुरळीत झालं तर. एरवी कोरड्या दिवशी गगनबावडा-कोल्हापूर हे ५५ किलोमीटर गाडी सव्वा-दीड तासात कापते. म्हणजे वर्षातले बहुतेक दिवस १०८ च जिंकते.

आणि १०८ काही थोडी नाही. २०१४ ला महाराष्ट्रात सुरू झाली ती ९३७ गाड्यांनी. त्यात २३३ ॲडव्हान्स आणि ७०४ बेसिक. हेलिकॉप्टर एक घेतलं तर पायलट, इंजिनिअर, हँगर, देखभाल, सुटे भाग, विमा, सगळा डोलारा उभा करायचा. त्या पैशात किती गाड्या घेता येतील आणि किती गावांत सर्पदंशावरचं प्रतिविष (एएसव्ही) ठेवता येईल? उसात काम करणाऱ्याला घोणस चावली तर त्याला हेलिकॉप्टर नको, जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात एएसव्ही पाहिजे, आणि ती द्यायला न घाबरणारा डॉक्टर.

रांगडा_गडी | सोमवार, सकाळी ८.४०

आकडेमोड साहेब, तुमचा हिशोब कोरड्या दिवसाचा हाय. आत्याचा दिवस वला हुता.

भूल_देते_मी | सोमवार, दुपारी २.५०

भूलतज्ज्ञ आहे, कोल्हापुरातच. पेशंटसोबत विमानातून बऱ्याचदा गेलेय, हेलिकॉप्टरमधून दोनदाच. त्या दोन्ही वेळा उतरल्यावर हात थरथरत होते, हे आधी कबूल करते.

लोकांना वाटतं आत दवाखान्यासारखं वातावरण असतं. साधनं असतात खरी: व्हेंटिलेटर, मॉनिटर आणि शॉक द्यायचं मशीन, सक्शन, औषधाचे सिरिंज पंप, ऑक्सिजन. पण आवाज इतका की स्टेथोस्कोप गळ्यातला दागिना होतो. छातीत हवा दोन्हीकडं जातेय का हे कानानं कळत नाही. मॉनिटरवरची कार्बन डायऑक्साइडची रेघ, छातीची हालचाल, ओठांचा रंग यावर चालायचं. पेशंटशी बोलणं हेडफोनमधून. शुद्धीत असेल तर त्याच्या कानालाही संरक्षण लागतं, नाहीतर तो घाबरून उठायला बघतो.

उंचीचाही खेळ आहे. वर जाल तसा हवेचा दाब कमी, आणि दाब कमी झाला की कोंडलेली हवा फुगते. फुप्फुसाबाहेर थोडी हवा साचलेली असेल, जमिनीवर पेशंट ठीक वाटत असेल, तर वर गेल्यावर तीच हवा फुगून फुप्फुस दाबते. म्हणून शंका असली तर छातीत नळी खालीच टाकून घ्यायची. श्वासनळीतल्या ट्यूबच्या फुग्याचा दाब वर गेल्यावर पुन्हा तपासायचा. हेलिकॉप्टर विमानाइतकं उंच जात नाही, म्हणून हा त्रास कमी. पण घाट ओलांडायचा असेल तर कमी म्हणजे शून्य नव्हे.

तिसरी गोष्ट जागा. हृदय बंद पडलं तर छाती दाबायला गुडघ्यावर बसावं लागतं, वर छत डोक्याला लागतं. म्हणून हृदय बंद पडलेल्या पेशंटला शक्यतो उडवत नाहीत. जे करायचं ते जमिनीवर करतात, किंवा छाती दाबायचं यंत्र बांधून मगच नेतात. आमच्या पायलटनं पहिला प्रश्न विचारला होता, "पेशंटचं वजन किती?" मला राग आला. नंतर कळलं, तो इंधनातून किलो वजा करत होता. नातेवाईकांना जागा मिळेलच असं नाही. आणि आपल्याकडं एका पेशंटमागं अख्खी गल्ली येते, "मी मेव्हणा, मला बसवा" म्हणत.

आता आत्यांचं. इथं बसून निदान करत नाही, पण सांगितलेली लक्षणं हार्ट अटॅकची आहेत. अशा वेळी रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन पहिल्या काही तासांत, जितकं लवकर तितकं चांगलं. टेनेक्टेप्लेज वजनानुसार एकाच वेळी शिरेतून देता येतं. त्याला कॅथलॅब (अँजिओप्लास्टी करायची खोली) लागत नाही. ईसीजी काढता आला, तो फोनवर हृदयरोगतज्ज्ञाला पाठवता आला, रक्तस्रावाचा धोका तपासता आला, तर हे ग्रामीण रुग्णालयात होऊ शकतं. नंतर पेशंट मोठ्या दवाखान्यात न्यायचाच, पण ते पहिले तास वाया जात नाहीत. त्यामुळं माझं उत्तर आत्यांना आवडणार नाही. त्या दिवशी इमान येण्यापेक्षा पाण्याच्या अलीकडं ईसीजी मशीन, ते इंजेक्शन आणि ते देणारा माणूस असता तर जास्त फायदा झाला असता.

मेंदूला मार लागून बेशुद्ध झालेला ऊसतोडणी कामगार, पोटात रक्तस्राव, अडलेली बाळंतीण, यांची गोष्ट वेगळी. तिथं इंजेक्शननं भागत नाही. तिथं ऑपरेशन थिएटर लागतं, आणि रस्ता बंद असेल तर मी स्वतः हेलिकॉप्टर मागेन.

टाकळीचा_फौजी | सोमवार, दुपारी ४.१०

डॉक्टर ताईंनी बाळंतिणीचं काढलं म्हणून सांगतो. ऑगस्ट २०१८, केरळचा पूर. एक गरोदर बाई छपरावर अडकलेली, पाणमोट फुटलेली. नौदलाच्या हेलिकॉप्टरनं आधी डॉक्टरला दोरावरून खाली सोडलं. बाई दोरावर घेण्यासारखी आहे का हे त्यानं तपासलं, मग तिला वर घेतलं. कोचीच्या नौदलाच्या संजीवनी रुग्णालयात थोड्याच वेळात मुलगा झाला. त्याच पुरात नौदलानं सुटका केलेल्या एका घराच्या छपरावर नंतर कुणीतरी मोठ्या अक्षरांत 'थँक्स' रंगवलं होतं. आधी डॉक्टर खाली, मग पेशंट वर, हा क्रम लक्षात ठेवा. त्यातच सगळं आलं.

इझारकाठचा_कोल्हापुरी | सोमवार, रात्री ११.३०

म्युनिकहून लिहितोय, मूळचा मंगळवार पेठेतला. योगायोग असा की ही सेवा जर्मनीत जिथून सुरू झाली तो दवाखाना माझ्या घरापासून ट्रामनं जवळ आहे.

१९७० साली पश्चिम जर्मनीत रस्ते अपघातात १९ हजारांवर माणसं मेली. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला एडीएसी या वाहनचालकांच्या संघटनेच्या साथीनं 'क्रिस्टोफ १' म्युनिकमध्ये सुरू झालं. प्रवाशांचा रक्षक संत क्रिस्टोफर, त्याच्यावरून नाव. आता देशभर क्रिस्टोफ नावाची हेलिकॉप्टरं आहेत, पुढं नंबर किंवा गावाचं नाव. कल्पना साधी आहे. पेशंटला डॉक्टरकडं नेण्याआधी डॉक्टरला पेशंटकडं न्यायचं. एका हेलिकॉप्टरचं कार्यक्षेत्र साधारण ५० ते ७० किलोमीटर, म्हणजे दहा-पंधरा मिनिटांत जागेवर. आकडेमोड यांचा हिशोब म्हणूनच बरोबर आणि चूक दोन्ही आहे. पुण्याहून आणलं तर उपयोग नाही. उजळाईवाडीला उभं असेल तर गगनबावडा सरळ रेषेत ५० किलोमीटरच्या आसपास, चंदगड मात्र त्या कार्यक्षेत्राच्या थोडं बाहेर.

लंडनचीही गोष्ट ऐका. तिथली हवाई रुग्णवाहिका १९८९ पासून, आणि ती देणग्यांवर चालते. डॉक्टर रस्त्याच्या कडेला छाती उघडून ऑपरेशन करतात, २०१२ पासून सोबत रक्तही नेतात. पण रात्री हीच टीम हेलिकॉप्टर ठेवून मोटारीतून जाते. त्यांच्या लेखी सेवा म्हणजे ती टीम. पंखे हे तिचं एक वाहन.

स्वित्झर्लंडमध्ये रेगा म्हणून संस्था आहे, १९५२ ची. लोक दरवर्षी वर्गणी भरून आश्रयदाते होतात, असे ३५ लाखांच्या वर. डोंगरात अडकलात आणि विम्यानं पैसे दिले नाहीत तर संस्था बहुधा खर्च माफ करते. गाय दरीत पडली तर तीही दोराला लटकवून आणतात, हे खरं आहे, मी डोळ्यांनी बघितलंय.

दूधवाला_भाऊ | मंगळवार, सकाळी ६.०५

गाय पण आणत्यात? मग हे आपल्या जिल्ह्यालाच जमणार. आपल्याकडं सगळं सहकारावर चालतं. दूध बिलातनं लिटरमागं चार-दोन पैसे, कारखान्याला टनामागं एक-दोन रुपये कपात. सभासदाला अडचणीला हेलिकॉप्टर. स्वित्झर्लंडवाल्यांनी केलं ते आम्ही का नाही?

रांगडा_गडी | मंगळवार, सकाळी ६.३०

भाऊ, कपात उद्याच सुरू हुईल. हेलिकॉप्टर कवा यील ते चेअरमन सांगतील. आन् पहिली फेरी चेअरमनच्या सासुरवाडीला.

दूधवाला_भाऊ | मंगळवार, सकाळी ६.४२

तुझ्या या स्वभावामुळंच कायबी हुईत न्हाई बघ.

आकडेमोड | मंगळवार, सकाळी ९.२०

भाऊंची कल्पना हसण्यावारी नेऊ नका, वर्गणीचं गणित तुलनेनं सोपं आहे. अडचण वेगळीच आहे: पावसाळा. हेलिकॉप्टर बहुतेक वेळा नजरेनं उडतं. पायलटला जमीन दिसली पाहिजे. आणि जुलैमध्ये गगनबावडा, आंबा, फोंडा या घाटांवर ढग कसा बसतो हे इथल्यांना मी सांगायला नको. रस्ता बंद होतो तो मुसळधार पावसात, आणि मुसळधार पावसातच हेलिकॉप्टर जमिनीवर. गरज आणि हवामान एकाच दिवशी एकमेकांविरुद्ध उभे राहतात.

टाकळीचा_फौजी | मंगळवार, सकाळी १०.००

हे लाखातलं बोललात. एक पुस्ती जोडतो. पूर उतरायला चार-पाच दिवस लागतात, पाऊस मात्र मध्ये मध्ये उघडतो. शिरोळात तर डोक्यावर ऊन आणि खाली छपराएवढं पाणी असं २०१९ ला आम्ही बघितलंय, कारण पाणी वरच्या धरणांचं आणि खालच्या फुगवट्याचं. त्यामुळं नदीकाठच्या सपाटीवर हेलिकॉप्टर कामाचं, घाटमाथ्यावर नशिबाचं.

आणि 'जायचं की नाही' हे कुणी ठरवायचं? चांगल्या सेवांत एक रीत आहे. पायलटला पेशंटची कहाणी सांगतच नाहीत. लहान मूल आहे, बाळंतीण आहे, असं काही नाही. फक्त जागा, अंतर, वजन. नाहीतर माणूस हळवा होतो आणि ढगात शिरतो. दुसरी रीत, टीममधल्या सगळ्यांनी हो म्हटलं तरच उडायचं, एकानं नको म्हटलं की थांबायचं, आणि नको म्हणणाऱ्याला कुणी जाब विचारायचा नाही.

आपल्या देशात सुरुवात झालीय. ऋषिकेशच्या एम्सची 'संजीवनी' हेलिकॉप्टर सेवा २९ ऑक्टोबर २०२४ ला सुरू झाली. १७ मे २०२५ ला तीच केदारनाथला पेशंट आणायला गेली असताना उतरताना आदळली, शेपूट तुटलं. आतले तिघं, डॉक्टर धरून, सुखरूप. पेशंट चढायच्या आधी झालं हे नशीब. डोंगरातलं काम असं असतं.

पूरपथक_बावडा | मंगळवार, रात्री ९.१५

कसबा बावड्यातून. २००५, २०१९, २०२१ तिन्ही पुरांत बोटीवर होतो. आमच्यासारखी मंडळाची पोरं, व्हाईट आर्मी या स्वयंसेवी बचाव संस्थेचे लोक, २०१९ ला एनडीआरएफ, नौदल, सगळे एकत्र होते. त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्या पुढं. हजारो माणसं प्रयाग चिखली, आंबेवाडीतनं काढली ती बोटींनी.

हेलिकॉप्टरचा मला आदर आहे, पण पेशंट असलेल्या घरावर ते खाली आलं तर काय होतं ते सांगतो. वारा इतका की कौलं उडतात, पत्रे उडतात, आणि बोट उलटायचा धोका. आम्ही बोट घेऊन लांब सरकायचो. बोटीनं पेशंट उंचवट्यावर आणायचा आणि तिथनं हेलिकॉप्टरनं न्यायचा, हे जमतं. दोन्ही एकाच जागी नको.

धागाकर्त्यांना: जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षाचा नंबर १०७७. लष्कर, हवाई दल यांची मदत परस्पर येत नाही, मागणी जिल्हाधिकाऱ्यांकडनं वर जाते. एनडीआरएफची आपल्याकडची तुकडी पुण्याजवळ सुदुंबऱ्याला असते. फोन करताना "लई पाणी आलंय हो" म्हणून रडू नका. गाव, वाडी, पेशंटचं वय, शुद्ध आहे की नाही, आणि सगळ्यात महत्त्वाचं, उतरायला जागा कुठं, हे सांगा. तिथं सगळे अडखळतात.

भूल_देते_मी | मंगळवार, रात्री ९.४०

पूरपथक, शंभर टक्के. पहिल्या खेपेला आम्ही पेशंट तयार करून अर्धा तास बसलो होतो, कारण ठरलेल्या मैदानात मंडप उभा होता. लग्नाचा.

कुंभीकाठ | गुरुवार, रात्री ८.३०

मंडळी, चार दिवस गप्प होतो कारण गावी गेलो होतो. टेप घेऊन.

आत्याला सगळं वाचून दाखवलं. इंजेक्शनचं ऐकून ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मंग ते विंजेक्शान हितं ठेवाया सांग की." त्यावर ग्रामीण रुग्णालयात काय आहे, काय नाही, याची चौकशी सुरू केलीय. ते वेगळ्या धाग्यात लिहीन.

दुसरं, हायस्कूलचं पटांगण मोजलं. साधारण ६० बाय ४५ मीटर भरलं. निवडणुकीला तिथंच उतरलं होतं. पण तेव्हापासून कडेनं शेतीपंपाची नवी लाइन गेलीय, तारा एका कोपऱ्यावरून तिरक्या. गावावरचा जांभ्याचा सडा (खडकाळ पठार) मोकळा आहे, पण तिथं वारा आणि धुकं, आणि पेशंट वर चढवणार कोण? फौजी काका, पटांगण चालेल का?

टाकळीचा_फौजी | गुरुवार, रात्री ९.२०

शाब्बास. टेप घेऊन गेलात, निम्मं काम झालं.

छोट्या मशिनला दिवसा ३० बाय ३० मीटर मोकळी, घट्ट, सपाट जागा साधारण पुरते. एमआय-१७ ला ती पुरणार नाही, पण तुमची जागा मुळात मोठी आहे. तारा हा पायलटचा पहिला शत्रू. वरून तार दिसत नाही, खांब दिसतो. त्यामुळं तारा कुठून कुठं जातात हे आधी फोनवर सांगायचं. जमल्यास तो एक कोपरा सोडून उतरायची जागा आखा.

बाकीचं गावात सांगून ठेवा. पटांगणात ताडपत्री, प्लास्टिक, कडब्याच्या गंजी, सुटे पत्रे नकोत. पंख्याच्या वाऱ्यात दगडी गोटासुद्धा उडतो. शेळ्या बांधून ठेवा. हेलिकॉप्टर वाऱ्याच्या तोंडाला उतरतं, म्हणून खूण करणाऱ्या माणसानं वाऱ्याकडं पाठ करून, दोन्ही हात वर करून उभं राहायचं, म्हणजे पायलट त्याच्या समोर येतो. रुमाल, साड्या हलवू नका, सुटल्या तर पंख्यात जातात. पंखे फिरत असताना कुणीही आपणहून जवळ जायचं नाही. बोलावलं तर पुढून, पायलटला दिसेल असं, वाकून. शेपटीकडं कधीच नाही. मागचा छोटा पंखा फिरताना दिसतच नाही. उतार असेल तर वरच्या बाजूनं जायचं नाही, तिकडं पंखा जमिनीला जवळ येतो. आणि फेटा, टोपी काढून हातात.

पोरांना सेल्फीसाठी आवरायला चार खमके गडी नेमा. हे सगळ्यात अवघड.

रांगडा_गडी | गुरुवार, रात्री ९.३५

खमके गडी पायजेत तर मला फोन करा. आत्तापर्यंत चेष्टा केली, पण हे काम आवडलं. अक्षांश-रेखांश काढून १०७७ वाल्यांकडं आणि तहसील कचेरीत लेखी देऊन ठेवूया. नुसतं तोंडी सांगून उपयोग न्हाई.

पूरपथक_बावडा | गुरुवार, रात्री ९.५०

देताना पटांगणाची पातळीही बघा. पुरात ते पाण्याखाली जात असेल तर कागद वाया.

कुंभीकाठ | गुरुवार, रात्री १०.१०

२०२१ ला पटांगणात पाणी आलं नव्हतं, पायरीपर्यंत येऊन थांबलेलं, त्याची खूण भिंतीवर आहे.

तारांचा कोपरा सोडून जागा आखायची म्हटली तर एकच अडचण. बरोबर त्या जागेच्या तोंडाशी एक वडाचं झाड आहे. शाळेच्या जुन्या मुख्याध्यापकांनी स्वतः लावलेलं, आता ते ऐंशीचे आहेत आणि रोज संध्याकाळी त्याच पारावर बसतात. झाड तोडायचा प्रश्नच नाही, दोन फांद्या उतरवल्या तरी भागेल असं वाटतं. पण त्यांना विचारायचं कुणी? मी त्यांचा विद्यार्थी, त्यांच्यासमोर अजून तोंड उघडत नाही. रविवारी सकाळी जाणार आहे. रांगडा भाऊ, तुम्ही येताय का?

रांगडा_गडी | गुरुवार, रात्री १०.१४

येतो. पण बोलायचं तू. मीबी त्यांचाच मार खाल्लाय.